जेद्दामध्ये एकच दिवस मोकळा असेल तर कुठे फिरावं, काय घ्यावं, काय खावं?

दुपार हॉटेलवर काढा आणि संध्याकाळपासून अल-बलद या जुन्या शहरातच फिरा. २०१४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कामानिमित्त जेद्दात राहतो, पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच नेतो. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची घरं, त्यांना लाकडी जाळीचे सज्जे, आणि नसीफ वाड्यासमोर चक्क कडुनिंबाचं जुनं झाड! खरेदीही तिथल्याच सूक अल-अलवी या बाजारात करा: ऊद (सुगंधी अगरूचं लाकूड), अत्तर, खजूर, मसाले. घासाघीस चालते, मॉलमध्ये नाही. मॉल तर आपल्याकडेही आहेत, त्यात वेळ घालवू नका.

खायला:
- सयादिया, म्हणजे तळलेल्या कांद्यातला तपकिरी भात आणि मासा
- गरम तमीज रोटी आणि फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकला शेंगांचे दाणे
- अल-बैक या फास्टफूड साखळीचं ब्रोस्ट, म्हणजे कुरकुरीत तळलेलं चिकन, लसणाच्या चटणीसकट. १९७४ मध्ये सुरुवात जेद्दातच झाली. रांग असते, पण पटापट सरकते.

रात्री कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर, जाऊन किंग फहद कारंजं पाहा. मात्र शुक्रवारी सकाळी बाजार जवळपास बंदच असतो, आणि रमजानात सगळं रात्रीच जागं होतं. तारीख त्या हिशोबाने धरा.