इतका पैसा ओतूनही अपहरणाचा थ्रिलर कंटाळवाणा का वाटतो?

ज्याला पळवलं त्याच्याशी आपली ओळखच झालेली नसते आणि सुटकेसाठी कुणाला फारसं काही गमवावंही लागत नाही, म्हणून मन गुंतत नाही. नुकत्याच पाहिलेल्या अशाच एका महागड्या सिनेमाबद्दल तुम्हीच पत्रात लिहिलंय, की दहाव्या मिनिटाला मुलगी पळवली, मग हेलिकॉप्टर, परदेशातले पाठलाग, आणि मध्यंतरात तुमच्या डोक्यात काय, तर सिनेमा सुटल्यावर इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, काय खायचं! इंदूरच्या हौशी मंडळींच्या एकांकिकांच्या संहिता मी वाचत असतो. तिथे बजेट शून्य, पण रोग हाच.

उलट उदाहरण जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९६३ च्या 'हाय अँड लो'चं. जवळजवळ पहिला तासभर कॅमेरा बहुतेक एका दिवाणखान्यातच. बूट कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याने कंपनी ताब्यात घेण्यासाठी घरदार गहाण टाकलंय, आणि त्याच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरचा मुलगा उचलला जातो. खंडणी ३ कोटी येन. दिली तर स्वतः रस्त्यावर, नाही दिली तर समोर गयावया करणाऱ्या ड्रायव्हरचं पोर जातं. ना गोळीबार, ना स्फोट, तरी फोन वाजला की आपल्या पोटात गोळा येतो.

अर्थात सिनेमा मुळात मारधाडीचाच असेल आणि अपहरण नुसतं निमित्त असेल, तर ही कसोटी लावू नका. तिथे हाणामारी नीट जमली की झालं. तीही जमली नसेल तर तिकिटाचे पैसे गेलेच.