नौका विकायची, की आधी खलाशांचा हिशेब?

प्रश्न थोडक्यात असा: वसईकडचे नौकामालक, नौकेवर कर्ज, घरी रोज रोझरी आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना). ‘सगळे विकून माझ्यामागे ये’ या येशूच्या वचनावरचे प्रवचन ऐकल्यापासून आपली भक्ती अर्धवट आहे असे वाटू लागले आहे. नौका ठेवून सार्वकालिक जीवन मिळेल का? शिवाय दुसऱ्या चर्चमधला मित्र म्हणतो, श्रद्धा पुरे, बाकी धडपड कशाला?

नौका विकू नका. पण एवढ्यावर सुटलात असेही समजू नका.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय उघडा, वचने १७ ते ३१. सार्वकालिक जीवनासाठी काय करू, असे एक श्रीमंत माणूस विचारतो तेव्हा येशू आज्ञा मोजून दाखवतो: खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, ठकवणूक नको, आईबापांचा मान राख. सगळ्या माणसामाणसांतल्या. ‘माझ्याखेरीज तुला दुसरा देव नसावा’ ही दहा आज्ञांतली पहिली आज्ञा येशू उच्चारतच नाही. हे सगळे मी लहानपणापासून पाळतो, असे तो ठासून सांगतो आणि मग विक्रीची गोष्ट निघते. म्हणजे वगळलेली पहिली आज्ञा आता त्याच्या मालमत्तेच्या रूपाने समोर उभी राहते, आणि तिथेच त्याचे पाय अडतात.

हीच मागणी येशूने सरसकट केली नाही. जकातदार जक्कय (लूकचे शुभवर्तमान, अध्याय १९) अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल करतो. अर्धीच! तरी त्याच दिवशी त्याच्या घराला तारण (म्हणजे उद्धार) मिळाले. येशूला घरी उतरवून घेणाऱ्या मार्था आणि मरिया या बहिणींना घर विकायला कोणी सांगितले नाही. मासेमार भाऊ याकोब आणि योहान येशूच्या मागे निघाले तेव्हा बाप जब्दी मोलकऱ्यांसह नावेतच राहिला. धंदा बुडाला असे कुठे लिहिलेले नाही. सर्वस्वाचा त्याग हा सल्ला आहे, व्रत घेणाऱ्यांसाठी. वसईचेच संत गोन्सालो गार्सिया पूर्वेकडे व्यापार करत होते, तो सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेले. ते पाचारण वेगळे. संसारी माणसाला पहिली आज्ञा पूर्णच लागू आहे, फक्त तिची परीक्षा दुसऱ्या जागी होते.

तुमच्या बाबतीत ती जागा बहुधा ‘ठकवू नको’ या शब्दांपाशी असेल. ते फक्त मार्कमध्ये आहेत. मत्तय आणि लूक यांनी तो प्रसंग सांगताना ते घेतलेले नाहीत. याकोबाचे पत्र ५:४ सोबत वाचा: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून वाटणी होते तिथे वजावटीचा आकडा खऱ्या बिलाचाच असतो का? उचल घेतलेल्या खलाशाच्या नावावर वाढीव रक्कम लिहिली जाते का? जाळ्यात हात अडकून जखमी झालेल्याच्या दवाखान्याचा खर्च कोण देतो? बंदी असलेली एलईडी दिव्यांची मासेमारी ‘सगळेच करतात’ म्हणून चालते का?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वही काढा आणि बाकी रकमा माणसागणिक लिहा. मग देणे द्या, निदान तारीख ठरवून हप्ता सुरू करा. प्रायश्चित्त संस्कारात (फादरपुढच्या पापकबुलीत) पापाची क्षमा होते, पण दुसऱ्याचे घेतलेले परत करायची जबाबदारी उरतेच. इथे लोक हमखास घसरतात: देणे थकवून चर्चला मोठी देणगी देतात. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना येशूने याच कारणासाठी झापले होते (मार्क ७). हंगाम चांगला गेला तर अमुक वाहीन, हा नवसही आज्ञापालनाची जागा घेत नाही. कर्जातली नौका विकून दानधर्म करायचा तर आधी बँकेचे आणि खलाशांचे पैसे चुकते करावे लागतील, हेही आहेच.

रोजच्यासाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची रीत वापरा. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी तो टाळायचा निश्चय, दुपारी आणि रात्री तपासणी, दर दिवसाला दोन ओळी आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. सकाळची ओळ रात्रीच्या ओळीशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहा. दहा दोष एकदम घेतले की आठवड्याभरात वही बंद पडते.

मित्राचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. तारण विकत मिळत नाही. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेनेही म्हटले की देवापुढे नीतिमान ठरण्याआधीची श्रद्धा किंवा कर्मे ती कृपा कमावत नाहीत. १९९९ मध्ये लुथरन (प्रोटेस्टंट पंथ) आणि कॅथलिक यांनी ऑग्सबर्गला या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पण मित्राला इफिसकरांस पत्र २:८-९ (तारण कृपेने, श्रद्धेद्वारे, कर्मांनी नव्हे) पाठ असेल तर १० वे वचनही वाचायला सांगा: सत्कर्मे करण्यासाठीच आपल्याला निर्माण केले आहे. येशूशेजारी क्रुसावर असताना पश्चात्ताप केलेल्या चोराकडे कृत्यांना वेळ नव्हता. तुमच्याकडे आणि मित्राकडे आहे.

उलट बाजूने एक इशारा. क्षमा झालेले जुने पाप पापकबुलीत पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटू लागले, मिस्सा नीट ऐकली नाही म्हणून झोप उडाली, तर ती पूर्ण समर्पणाची खूण नव्हे. अशा वेळी दर खेपेला वेगळ्या फादरकडे जाऊ नका. एकच ठरवा, आणि ‘हे पुन्हा सांगू नका’ असे त्यांनी म्हटले तर खरेच सांगू नका.