लहान भूकंपाची नाभी शोधताना

भूकंपाची नाभी, म्हणजे तो जमिनीखाली जिथून सुरू होतो तो बिंदू, शोधताना संगणकप्रणालीने दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर विसंबण्याआधी मूळ भूकंपलेख (कंपनांची नोंद) स्वतः वाचायची सवय लावून घ्यावी, असे मी सुचवीन. पी तरंगाचे, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणाऱ्या तरंगाचे, आगमन भूकंपलेखाच्या उभ्या घटकावर (वर-खाली हालचालीच्या नोंदीवर) बहुधा स्पष्ट दिसते. त्यामागून येणारा, अधिक मंद एस तरंग मात्र पीच्या रेंगाळलेल्या कंपनांत दडलेला असतो, म्हणून तो आडव्या दोन्ही घटकांवर ताडून पाहावा. उथळ स्थानिक भूकंपात या दोन आगमनांमधील सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणले की नोंदणी केंद्रापासून नाभीचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. याचाच अर्थ, एस वाचताना ०.२ सेकंदाची गफलत झाली तर अंतर दीड किलोमीटरहून अधिक चुकते.

भूकंपशास्त्रज्ञ गायगर यांनी १९१० च्या सुमारास मांडलेली, अंदाजित स्थान पुन्हापुन्हा सुधारत प्रत्यक्ष व गणिती आगमनवेळांतील फरक कमीत कमी करण्याची पद्धत आजही बहुतेक प्रणालींच्या मुळाशी आहे. परंतु हा फरक लहान आला म्हणजे स्थान अचूक आले, असे समजू नये (नवशिक्यांची हमखास फसगत येथेच होते). सर्व नोंदणी केंद्रे एकाच बाजूला असली किंवा जमिनीतील तरंगवेगाचे गृहीत प्रारूप चुकीचे असले, तरी आकडे देखणे येऊ शकतात. खोलीचे उत्तर तर नाभीच्या खोलीइतक्या अंतराच्या आत एखादे केंद्र नसेल, तर संशयानेच पाहावे. एकाच भ्रंशावरील (खडक ज्यावर सरकतो त्या भेगेवरील) धक्क्यांच्या मालिकेसाठी दुहेरी-फरक पद्धत, म्हणजे शेजारच्या धक्क्यांच्या आगमनवेळांतील फरकांवरून स्थाने काढण्याची पद्धत, वापरावी. शेजारच्या धक्क्यांचे तरंगमार्ग जवळजवळ सारखे असल्याने प्रारूपातील सामायिक चुका तीत बऱ्याच अंशी वजा होतात आणि परस्परांसापेक्ष स्थाने रेखीव मिळतात.