पवनीत पायी हिंड

प्रिय बेटा,

बँकेच्या पवनी शाखेत रुजू झाल्यापासून संध्याकाळी खोलीवर जीव लागत नाही, असं लिहिलंस. गावात बघण्यासारखं काय आहे, हेही विचारलंस. मी यादी देणार नाही. सुट्टी झाली की मोबाईल पिशवीत टाक आणि चालू लाग. गाडीवरून हे गाव पाच मिनिटांत संपतं, पायी हिंडलीस तर वर्षभर पुरेल.

एका अंगाला वैनगंगा आणि बाकीच्या अंगांना तट नि खंदक, अशी जुन्या पवनीची रचना. त्यामुळे वाट चुकायची भीती नाही, उताराने गेलं की नदी येतेच. वाटेत पावलोपावली देवळं लागतील. उगाच नाही पवनीला विदर्भाची काशी म्हणत! पंचमुखी गणेशाचं दर्शन मात्र घाईत उरकू नकोस. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा सर्वतोभद्र गणेश.

विणकरांच्या गल्लीत सकाळी जा. हातमाग आता थोडेच उरलेत, पण धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीची, खटखट ऐकू आली की त्या दारात थांब. "मावशी, बघू का जरा?" एवढं विचारलं तरी पुरे. "कोनाकडं आल्या जी?" असं विचारतील, मग चहा येईल. विणकराचे पाय मागाखालच्या खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर असतात, हात धोट्यावर आणि डोळे धाग्यावर. मध्येच धागा तुटतो, बोटांनी पीळ देऊन तो जोडतात आणि जोड कुठे आहे ते तुला शोधूनही सापडत नाही. मला ते बघताना वेळेचं भान राहत नसे.

मिरचीच्या हंगामात सातऱ्यांकडे, म्हणजे मिरच्यांचे देठ तोडतात त्या जागांकडेही चक्कर मार. बाया ओळीने बसून मुक्या, म्हणजे देठ, तोडत असतात, हात थांबत नाहीत आणि गप्पाही. तोंडाला रुमाल बांध, नाहीतर ठसका लागेल.

एखाद्या रविवारी बालसमुद्राकाठच्या जगन्नाथ टेकडीवर जा. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं आणि मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. मौर्यांच्या काळापासून माणसं या काठाला धरून आहेत, हे तिथे उभं राहिल्यावर खरं वाटतं.

घाटावर बसशील तेव्हा ढिवरांशी, म्हणजे मासेमारांशी बोल. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. पुढे गावाच्या वरच्या अंगाला पाणी अडलं आणि इथल्या नदीची चाल बदलली. पूर्वी उन्हाळ्यात उघड्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांच्या वाड्या लागायच्या, टरबुजं थेट काठावर विकली जायची. धरण झाल्यावर त्यातलं काय बदललं, ते डोंगेवाल्यांकडून ऐक. नागपूरचं सांडपाणीही नाग नदीतून, मग कन्हानमधून याच पाण्यात येतं. मला याचा फार त्रास होतो. तुलाही व्हावा असं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. ज्या नदीकाठी आपण रोज बसतो, तिचं दुखणं आपल्याला ठाऊक असायला हवं.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, चपला जपून घाल. नदी चढलेली असेल तर खालच्या पायऱ्यांवर उतरूच नकोस. आणि माग अजून कुठल्या गल्लीत चालू आहेत, तेवढं मला कळव. दिवाळीत येईन तेव्हा आधी तिकडेच जाऊ.

तुझा,
काका