गाडीत पी०४२० हा बिघाडाचा कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावाच लागतो का?

नाही, लगेच बदलू नका. हा कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) ऑक्सिजन नीट साठवत नाहीये असं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतंय, आणि तसं वाटायला इतर कारणंही असतात. आधी इंजिनपासून मागच्या (कन्व्हर्टरनंतरच्या) ऑक्सिजन सेन्सरपर्यंत एक्झॉस्ट कुठे लीक आहे का ते बघा. मॅनिफोल्डचं गॅस्केट, फ्लेक्स पाइप आणि वेल्डचे जोड तपासा, कारण तिथून आत ओढली जाणारी हवा सेन्सरला फसवते. मग इंजिन पूर्ण गरम करा, २,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि स्कॅनरवर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पाहा. ते ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर असेल तर कन्व्हर्टर बहुधा ठीक आहे. ०.१ ते ०.९ असं भराभर वर-खाली होत असेल, आणि लीक नसेल, तर तो खरंच गेलाय. थंड कन्व्हर्टरवर बाहेरून रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखडलं, तर सिरॅमिकची जाळी फुटलीय. मग वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

पण तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस आतल्या थरावर बसतो. दोन्ही बाबतीत नवाही तसाच जाईल.

एक लक्षात ठेवा, बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा (कन्व्हर्टरआधीचा) सेन्सर वाइडबँड, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वेगळा प्रकार असतो. त्याचे आकडे असे वर-खाली होत नाहीत, म्हणून पुढच्या-मागच्याची तुलना न करता फक्त मागचाच बघा.