आज फवारा, उद्या पाना

गेली ३४ वर्षं कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सचं काम करतोय. या महिन्यात तुमची जी पत्रं आली, त्यात गंजलेलं, अडकलेलं सोडवायच्या तेलाच्या फवाऱ्याच्या डब्यांविषयीची सगळ्यात जास्त. त्यातली चार घेतो. पहिल्याला जागा जास्त लागेल, कारण बाकीच्या तिघांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मास्तर, नमस्कार. माझ्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या ब्लोअरच्या पंपाचे चारही बोल्ट जाम झालेत. डब्ल्यूडी-४० भरपूर मारला, लगेच पाना लावला, तर एकाचं डोकंच तुटून हातात आलं. दुकानदार म्हणतो महागातला डबा घ्या. कोणता घेऊ?
– एक बागायतदार, तासगाव तालुका

दादा, डबा बदलण्याआधी तुमची घाई बदलायला हवी. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांच्या मधली फट त्यानं गच्च भरते. त्या केसासारख्या वाटेनं तेलाला आत झिरपत जायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो. बोल्ट तुटला तेव्हा तुमचं तेल अजून डोक्याखालीच असणार.

डब्यांत फरक आहे, हे मात्र खरं. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनला. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीनं तो क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार केला. नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. हलक्या गंजाला तो चालतो. तुमच्यासारख्या जुन्या गंजाला मात्र डब्यावर ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ असं स्पष्ट छापलेला डबा घ्या. नुसतं ‘मल्टिपर्पज’ लिहिलेलं बघून फसू नका.

आता उरलेल्या तीन बोल्टांचं. तारेच्या ब्रशनं आटे दिसेपर्यंत घासा. संध्याकाळी फवारा मारा, छोट्या हातोडीनं डोक्यावर दहा-बारा हलके ठोके द्या. त्या हादऱ्यानं गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. झोपण्यापूर्वी पुन्हा मारा, सकाळी पुन्हा. मग सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा, बारा कोनांची नको, ती कडा खाते. पहिला जोर आवळायच्या दिशेनं, अगदी किंचित. कट्ट आवाज आला की उलटं फिरवा. थोडा सुटला, की परत थोडा आवळा, पुन्हा फवारा. एका बोल्टाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला त्याच्या चौपट वेळ जातो.

दुसरा मार्ग उष्णतेचा, पण अजून फवारा न मारलेल्या बोल्टालाच. नट तापवा, बोल्ट नको. २० मिलीमीटरच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढलं तर त्याचं भोक सुमारे ०.०७ मिलीमीटरनं मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंज फोडायला तेवढं पुरतं. थोडं निवल्यावर मेणबत्तीचं टोक नटाच्या कडेला टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. पण फवारा मारलेल्या ठिकाणी ज्योत कधीही नेऊ नका. पुष्कळशा डब्यांत दाबासाठी एलपीजीसारखा पेटणारा वायू असतो. माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ पोराचा हात असाच कोपरापर्यंत भाजला. तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि त्याला थांबवलं नाही. ते मला आजही सलतं. आधी तापवायचं, पूर्ण निवू द्यायचं, मगच तेल. तापवलेला ८.८ किंवा १०.९ या जास्त ताकदीच्या ग्रेडचा बोल्ट परत वापरू नका, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

आणि दादा, बोल्ट गंजले का, तेही बघा. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण नीट झालं का ते पाहायला आपण लोखंडी विळा बुडवतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तोच मोरचूद तुमच्या बोल्टांचं लोखंड खातो. फवारणी झाली की ब्लोअर साध्या पाण्यानं धुवा, आणि नवे बोल्ट घालताना आट्यांना तांब्याची अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा. एवढी काळजी घेतलीत तर पुढच्या छाटणीला ते सहज सुटतील. मात्र पेस्ट लावलेला बोल्ट कोरड्याइतक्या जोरानं आवळू नका, जास्त ताणला जाऊन तुटतो. चाकाच्या नटांना तर कंपनीनं सांगितल्याशिवाय काहीच लावायचं नाही.

सर, मी मिरजेत आयटीआयला आहे. अ‍ॅसिटोन आणि गिअरचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळलं की सगळ्यात भारी पेनिट्रेटिंग ऑइल होतं, असं मित्र म्हणतो. करून ठेवू का?

बाळा, मिश्रण काम करतं, मित्र खोटं सांगत नाही. पण करून ठेवू नकोस. अ‍ॅसिटोन आणि एटीएफ नीट एकजीव होत नाहीत, दर वेळी हलवावं लागतं. ते रंग उतरवतं, रबरी ऑइल सील फुगवतं, आणि अ‍ॅसिटोनची वाफ कडाक्याच्या थंडीतसुद्धा पेट घेते. शेजारी कुणी ग्राइंडर चालवत असेल तर? सध्या तयार डबा वापर. हाताशी काहीच नसेल तर डिझेलही चालतं, फक्त रात्रभर थांब.

काका, २०१९ च्या पुरात आमच्या पिठाच्या गिरणीत पाणी होतं. तेव्हापासून शटर करकरतं आणि कुलूप अडकतं. दर महिन्याला फवारा मारते, आठ दिवसांत पुन्हा तेच. काय चुकतं?
– सांगलीवाडीच्या एक ताई

ताई, त्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आत आणलेला गाळ अजून तुमच्या शटरच्या पट्ट्यांत बसलाय. त्यावर तेल मारलं की गाळ आणि पीठ मिळून चिकट लगदा होतो. आधी पट्ट्यांच्या खाचा ब्रशनं आणि रॉकेलच्या फडक्यानं स्वच्छ करा, एक दिवस वाळू द्या. मग कोरडा सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा फवारा, अगदी पातळ. त्याला पीठ कमी चिकटतं. कुलपात तेल नकोच, ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा. डब्ल्यूडी-४० पाणी काढायला चांगला, पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे राहणारा पातळ थर फार दिवस पुरत नाही. म्हणून तुम्हाला दर महिन्याला मारावा लागतो.

जिथून पीठ पडतं त्या भागाजवळ मात्र यातलं काहीही मारू नका. तिथे फूड ग्रेड लिहिलेलंच वंगण लागतं. लोकांच्या पोटात जायचं आहे ते.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे, विटा रोडला. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट फिरतो. थोडा फवारा मारू का?

नाही. एक थेंबसुद्धा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीस लागलं की ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं, आणि मग स्फोट. रेग्युलेटरला नाही, आट्यांना नाही, नळीच्या टोकाला नाही. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर पाना लावून जोर करू नका, तो सिलिंडर बाजूला काढून ज्याच्याकडून भरून आणता त्याला परत द्या. हे पत्र वाचल्यावर आधी दुकानातल्या पोरांना सांगा. हाताला तेल लागलं असेल तर साबणानं धुऊन, कोरडे करूनच त्या व्हॉल्व्हला हात लावायचा.