पानगळ आली, गोधडी अजून अर्धीच!

या वेळी पत्रांचा ढीग आला आणि निम्म्याहून जास्त पत्रं एकाच सुरातली, की ताई पानगळीचे रंग बघून उत्साहात कापड कापलं, आता आठवडे चाललेत आणि काम काही सरकत नाही. तर आज सगळी जागा सुईदोऱ्यालाच. विणकामवाल्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी तुमचा नंबर.

प्रश्न: ताई, मी हौस म्हणून पॅचवर्क करते. मेपलच्या पानांची क्विल्ट घेतलीये, ९ इंचाचे ३० ब्लॉक (एकेका पानाचे जोडलेले चौकोन), ५ बाय ६ असे लावायचेत, त्यातले ११ झालेत. शिवाय एका टेबल रनरला अस्तर लावायचं राहिलंय, एका कुशन कव्हरची चेन राहिलीये, आणि हूपवर पानाफुलांचं भरतकाम अर्धवट आहे. दर रविवारी वहीत आठवड्याचं काम लिहिते, तर प्रत्येक आठवड्यात सगळीकडे थोडं थोडं झालेलं असतं आणि पूर्ण एकही नाही. रोज कसाबसा अर्धा तास मिळतो. थंडी पडायच्या आत क्विल्ट अंगावर घ्यायची आहे, जमेल का?

उत्तर: जमेल, पण ३० पानं हा हट्ट सोड. अगं ४ बाय ५ लाव, म्हणजे २० पानं. ती झाली ३६ बाय ४५ इंच. आता चारही बाजूंनी ६ इंचाची साधी बॉर्डर लाव, किती झालं बघ, ४८ बाय ५७. तुझ्या ३० पानांची क्विल्ट ४५ बाय ५४ची होणार होती, म्हणजे ही तिच्यापेक्षा मोठी आणि तुला करायची पानं फक्त ९! बॉर्डरची लांबी मात्र क्विल्टच्या मधोमध टेप धरून मोज. कडा हाताळून हाताळून ताणलेल्या असतात, त्या मापाने पट्टी कापलीस की बॉर्डरला लाटा येतात.

आता वहीचं. वही ठेवतेस हे बेस्ट आहे, पण तू तिथे वस्तूचं नाव लिहितेस, "क्विल्ट थोडी केली" वगैरे, आणि त्यातून कळत काहीच नाही. टप्पा लिही. कापणं, टीप मारणं, इस्त्री, छाटणं, ब्लॉक जोडणं, थर लावणं (वरचं कापड, आतलं भरण आणि अस्तर एकावर एक), क्विल्टिंग (ते थर टिपांनी एकत्र शिवणं), गोट (कडेला लावायची पट्टी). माझं तर ठाम मत आहे की हौशी लोकांची कामं शिवताना अडत नाहीत, ती दोन टप्प्यांच्या मध्ये अडतात, कारण पुढचा टप्पा कंटाळवाणा असतो आणि नवीन कापड समोर खुणावत असतं. तुझा रनर अस्तरापाशी अडलाय, कुशन चेनपाशी. बरोबर ना?

म्हणून एका आठवड्यात एकच टप्पा धर. एका पानाला ४ इंच रुंद आणि १९ इंच लांब पट्टी पुरते, त्यातून ४ इंचाचे दोन चौकोन त्रिकोणांसाठी आणि साडेतीनचे तीन साध्या पानासाठी निघतात, देठाची बारीक पट्टी वेगळी. हे नऊच्या नऊ पानांचं कापून ठेव, पार्श्वभूमीचं कापडपण. पुढच्या आठवड्यात फक्त टीप. चौकोनांच्या (एक पानाचा, एक पार्श्वभूमीचा) १८ जोड्या आहेत, त्या एकामागून एक मशीनच्या पायाखाली सरकवत जा, मध्ये दोरा तोडू नकोस, शेवटी सगळी माळ एकदम कापायची. त्याच्या पुढे इस्त्री आणि छाटणं. हे सगळं अर्ध्या अर्ध्या तासात मस्त बसतं. थर लावणं मात्र बसत नाही, त्याला मोकळी जमीन आणि सलग वेळ हवा, त्यासाठी सुट्टीचा दिवस आत्ताच राखून ठेव. रनर आणि कुशन त्याच्या आधी उरकून टाक, दोन्ही छोटी कामं आहेत, उगाच मनावर बसलीयेत. आणि भरतकाम रात्रीचं ठेव पण फिकट कापडावरचंच, तपकिरीवर मरून दोरा दिव्याखाली दिसत नाही, डोळे शिणतील.

हाताने क्विल्टिंग करायचा विचार असेल तर या थंडीत विसर. मशीनवर वॉकिंग फूट (वरचा-खालचा थर एकदम पुढे सरकवणारा पाय) लाव आणि सरळ रेषा मार.

प्रश्न: माझे ९ इंचाचे ब्लॉक जोडायच्या आधी मायेसकट साडेनऊ इंच यायला हवेत तर सव्वानऊच येतात, कापताना तर मी अगदी काटेकोर असते. काय चुकतंय?

उत्तर: कापणं नाही, माया (टिपेबाहेर कडेला सोडलेलं कापड) चुकतेय. पाव इंच माया म्हणतो आपण, पण टीप जर नुसती एक सोळांश इंच आत सरकली तरी दोन्ही तुकड्यांचं मिळून एका जोडाला एक अष्टमांश जातं, आणि तीन तुकड्यांच्या ओळीत जोड दोन. झाला की पाव इंचाचा हिशोब! शिवाय जोड इस्त्रीने वळवला की घडीतही केसभर कापड जातं, म्हणून टीप पाव इंचापेक्षा किंचित बाहेर, कापडाच्या कडेकडेच मारायची. तपासायला सोपं आहे, दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. ती बरोब्बर १ इंच आली पाहिजे. कमी आली तर सुई उजवीकडे सरकवा किंवा मशीनच्या प्लेटवर टेपची पट्टी चिकटवून तिच्या कडेने कापड चालवा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

त्रिकोणांचंही बघा. जिथे तिरका छेद असतो तिथे कापड उरेब (धाग्यांना तिरकं) होतं आणि हाताच्या ओढीनेसुद्धा ताणतं. कापायच्या आधी कापडाला खळ देऊन कडक करा, आणि इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची, उचलून ठेवायची. जोडाची माया शेजारच्या ओळींत उलट सुलट दिशेला वळवली की जोड एकमेकांत अडकून बसतात, टाचणीचीही गरज पडत नाही कधीकधी.

प्रश्न: मी गंजाचा रंग, मोहरी, तपकिरी, गडद केशरी असे एकाहून एक सुंदर रंग घेतले आणि सगळी जोडल्यावर लांबून नुसता चिखल दिसतोय. रंग तर छान होते, मग असं का?

उत्तर: रंग छानच आहेत, पण सगळे मध्यम आहेत. पानगळीच्या रंगांची ही खोडच आहे, हातात वेगळे वाटतात पण गडद-फिकटपणात सगळे एकाच पायरीवर. तुकडे जमिनीवर मांडा, फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. ज्या दोन तुकड्यांमधली रेष फोटोत गायब होते ते शेजारी ठेवायचे नाहीत. तुमच्या जोडलेल्या कामात आता उसवायला नको, बॉर्डरला एक अगदी फिकट किंवा अगदी गडद कापड घ्या, आणि क्विल्टिंगचा दोरा फिकट लावून पानांच्या कडेने टीप मारा, आकार बराच वर येईल. पुढच्या वेळी एक तृतीयांश कापड फिकट घ्या, दुकानात ते कंटाळवाणं दिसतं म्हणून कोणी घेत नाही, पण पान दिसतं ते त्याच्यामुळेच.

प्रश्न: ताई रडायची वेळ आलीये. पूर्ण झालेली क्विल्ट पहिल्यांदा धुतली आणि मरूनचा रंग क्रीम कापडावर उतरला. आता काय करू?? मीठ घालू का?

उत्तर: मीठ नको, व्हिनेगरपण नको. सुती कापडाचा सुटलेला रंग त्याने पक्का होत नाही, व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या रंगांना, तोही रंगवतानाच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती वाळू देऊ नकोस, इस्त्री तर अजिबात लावू नकोस. अजून ओलीच असेल तर टबात भरपूर गरम पाणी घे, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाक आणि क्विल्ट पूर्ण बुडवून काही तास ठेव, घडी पाण्याबाहेर डोकावायला नको. पाणी रंगलं की बदल, परत भिजव. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेव, कंटाळा येईल पण बहुतेक वेळा डाग जातात. भरपूर पाणी एवढ्यासाठी की सुटलेला रंग पाण्यात पसरून पातळ राहतो, परत कापडावर बसत नाही. त्यात लोकरीचं किंवा रेशमी भरतकाम असेल तर मात्र गरम पाणी नको. वाळून गेली असेल तरी हाच उपाय करून बघ, वेळ जास्त लागेल एवढंच.

बाकीच्यांनी वाचून सावध व्हा, गडद लाल, मरून, निळं कापड कापायच्या आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा, फडकं रंगलं तर कापड आधी धुवायचं.

प्रश्न: मी पन्नाशीतला गृहस्थ आहे, निवृत्तीची तयारी म्हणून भरतकाम सुरू केलंय. देठाचा टाका वळणावर तुटक दिसतो आणि हूप काढला की कापडाला सुरकुत्या. उपाय सांगा.

उत्तर: दादा, स्वागत! वळणावर टाके लहान करायचे, सरळ भागात तांदळाएवढा टाका असेल तर वळणावर त्याच्या निम्मा. आणि दोरा प्रत्येक वेळी रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, कधी वर कधी खाली गेला की दोरीचा पीळ मोडतो आणि तेच तुटक दिसतं. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या, एकेक पदर वेगळा ओढून मग परत जुळवा. सुरकुत्या येतात कारण हूपमध्ये कापड सैल आणि टाका घट्ट. उलट करा. रोज काम संपलं की हूप काढून ठेवा, नाहीतर वर्तुळाची खूण बसते.

प्रश्न: आत भरायला कॉटन चांगलं की पॉलिस्टर? आणि टिपांमध्ये अंतर किती?

उत्तर: कॉटनचं पातळ, अंगावर छान पडतं, पण धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटतं आणि क्विल्टला चुण्या येतात, मला त्या आवडतात, काहींना नाही. पॉलिस्टर हलकं, फुगीर, आटत नाही. अंतर मात्र पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच जास्तीत जास्त, प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याहून लांब टिपा मारल्या की आतलं भरण सरकून गोळे होतात.

प्रश्न: गोट लावताना कोपरा नेहमी जाड आणि गोल होतो. शिवाय पट्टी किती लांब घ्यावी तेही कळत नाही.

उत्तर: लांबीचं आधी. चारही बाजू मिळवा आणि वर १२ इंच धरा. वरच्या ४८ बाय ५७च्या क्विल्टला २१० अधिक १२, म्हणजे २२२ इंच. कापडाची रुंदी वापरात ४० इंच येते असं धरलं तर अडीच इंचाच्या ६ पट्ट्या, म्हणजे १५ इंच कापड. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडा, सरळ जोडल्या की चार थर एकाच जागी येतात आणि तिथे गाठ जाणवते.

आता कोपरा. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री केलेली, तिच्या उघड्या कडा क्विल्टच्या कडेला लावलेल्या, टीप मारत येताय. कोपरा पाव इंचावर आला की थांबा, सुई वर, पाय वर, क्विल्ट बाहेर काढा. पट्टी सरळ वर उचला, तिची ४५ अंशाची घडी पडेल, ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी परत खाली आणा, वरची घडी क्विल्टच्या वरच्या कडेशी अगदी समपातळीत. आता वरच्या कडेपासून पुढची टीप. पाव इंच आधी थांबला नाहीत तर ती घडी टिपेत सापडते आणि मागे वळवताना कोपरा उघडतच नाही, गोल होतो तो त्यामुळे. जाड होतो कारण आतलं भरण कोपऱ्यात बाहेर डोकावत असतं, गोट लावायच्या आधी चारही कोपरे काटकोनात छाटून घ्या. मागच्या बाजूची हेमिंग हातानेच करा. मशीनवर होते लवकर, मान्य, पण पुढून टीप कुठेतरी घसरतेच.

प्रश्न: मशीनची सुई कधी बदलायची? तुटल्यावर?

उत्तर: बापरे, नाही! साधारण ८ तास शिवण झालं की बदला. टीप मध्येच चुकायला लागली किंवा कापडात शिरताना टक टक आवाज आला तर त्याच्याही आधी. जोडकामाला ८०/१२ नंबरची सुई, तिन्ही थर एकत्र शिवताना ९०/१४ची.